कोणत्या गिअरात अडते ते सांगा, मग दाते सांगतो

प्रश्न दारव्ह्याकडच्या एका शेतकरी भावाचा आहे. थोडक्यात असा: "१०० सीसीची चार गिअरची गाडी आहे. चेनच्या चाकांना पुढं १४ आणि मागं ४२ दाते, स्वतः मोजले. रोज सकाळी दुधाचे दोन कॅन लटकवून तीन किलोमीटर पांदणीनं डांबरी रस्त्यावर यावं लागतं. हंगामात कधी युरियाची बॅगही असते. पावसाळ्यात पहिल्या गिअरातही अर्धा क्लच दाबूनच गाडी काढावी लागते, गेल्या वर्षी क्लच प्लेटा दोनदा बदलल्या. आठवड्यातून दोनदा यवतमाळला जाणं असतं. आता चेनसेट बदलायचाच आहे. मेव्हणा म्हणतो पुढं १२ दाती टाक, दुकानदार म्हणतो मागं ४६ दाती टाक. काय करू?"

भाऊ, हंगाम तोंडावर आहे म्हणून उत्तर आधी देतो. मागं नवंही ४२ दातीच घ्या. पुढं १३ टाका. चेन नवी घ्या, आणि १४ दाती स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यावर फिरते ते दात्यांचं चाक, एक जास्तीचं घेऊन घरी ठेवा. १२ नको आणि ४६ पण नको. का, ते नीट सांगतो, कारण असाच प्रश्न घेऊन परतवाड्याला आमच्या गॅरेजवर दर मृगात माणसं येतात आणि प्रत्येकाला मी वेगळं उत्तर देतो.

"काऊन भाऊ, गाडी ओढूनच नाही राहिली, स्प्रॉकेट बदलून द्या," असं कोणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न एकच असतो: कोणत्या गिअरात? पहिल्यात अडते, दुसऱ्यात अडते की टॉपमध्ये? निम्म्या लोकांना हे सांगता येत नाही. मग मी त्यांना दोन दिवस परत पाठवतो. नेहमीचं वजन लादा, नेहमीच्या रस्त्यानं जा, आणि गाडी जिथं दम टाकते तिथं गिअर कोणता होता तेवढं लक्षात ठेवून या. तुम्ही मात्र प्रश्नातच लिहिलं आहे की पहिल्या गिअरातही अर्धा क्लच लागतो. त्याच एका ओळीवर मी १३ सांगतो आहे.

हिशेब साधा आहे. मागचे दाते भागिले पुढचे दाते. ४२ भागिले १४ म्हणजे ३. पुढचं स्प्रॉकेट तीन वेळा फिरतं तेव्हा मागचं चाक एकदा फिरतं. पुढं १३ टाकलं की हा आकडा ३.२३ होतो. चाकावरची ओढ पावणेआठ टक्क्यांच्या आसपास वाढली, आणि इंजिन तेवढंच फिरत असताना वेग सात टक्के घटला. इंजिनाची ताकद रत्तीभरही वाढलेली नसते. जास्त वेळा फिरून कमी अंतर जायचं, एवढाच सौदा आहे. पहारीचं टोक लांब धरलं की दगड हलतो, पण हात जास्त खाली आणावा लागतो, तसं.

आणि हा सौदा चारही गिअरांना लागतो, फक्त पहिल्याला नाही. लोक नेमकं हेच विसरतात. समजा टॉपमध्ये ६० च्या वेगाला तुमचं इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेतं. १३ दाती टाकल्यावर त्याच ६० ला ते ५,३८५ घेईल. १५ टाकलं तर ४,६६७. म्हणजे पांदणीत जे मिळालं त्याची किंमत यवतमाळच्या रस्त्यावर द्यायची आहे. सात टक्क्यांची किंमत तुम्हाला परवडेल. गाडी थोडी ओरडेल, अ‍ॅव्हरेज थोडं उतरेल, ६० च्या जागी ५५ ची चाल ठेवली तर ते जाणवणारही नाही. मेव्हण्यांच्या १२ दातीनं मात्र आकडा ३.५ होतो, ओढ साडेसोळा टक्क्यांहून जास्त वाढते, आणि ६० ला इंजिन ५,८३३ फेरे घेतं. आठवड्यातून दोनदा १०० सीसीची गाडी तशी ताणत न्यायची आणि आणायची, हे मला पटत नाही.

१२ ला माझा दुसरा विरोध चेनमुळे आहे, आणि तो जास्त पक्का आहे. स्प्रॉकेटवरून जाताना चेनच्या प्रत्येक कडीला वळावं लागतं. १४ दातीवर एक कडी २५.७ अंश वळते, १३ वर २७.७, आणि १२ वर पूर्ण ३०. कडी जेवढी जास्त वळेल तेवढी तिच्या पिनेची आणि बुशची झीज. त्यात पुढचं स्प्रॉकेट लहान झालं की इंजिनाच्या तेवढ्याच जोराला चेनवर ताणही जास्त येतो. वरून पांदणीचा चिखल आहेच. आपली काळी माती ओली असताना साबणासारखी आणि वाळली की सिमेंटसारखी. ती कडीत बसली की घासणीचं काम करते. शिवाय लहान स्प्रॉकेटवर चेन खाली उतरून चिमट्याच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या लोखंडी दांड्यांच्या, जवळ येते. १४ वरून १३ वर आलं की हे अंतर दोन मिलिमीटरनं कमी होतं, तेवढं चालतं. १२ वर ते चारच्या आसपास जातं, आणि चिमट्यावरचं रबर आधीच झिजलेलं असेल तर चेन थेट लोखंड कापायला लागते. मी चिमटे अर्धे कापलेले पाहिले आहेत.

आता दुकानदाराचं ४६. आकडा येतो ३.२९, म्हणजे ओढ साडेनऊ टक्क्यांनी वाढते. ऐकायला १३ च्या जवळपासच आहे, आणि मोठं स्प्रॉकेट चेनला सोसतंही चांगलं. अडचण बसवण्यात आहे. तुमच्या गाडीवरची चेन ४२८ नंबरची असेल, आपल्याकडच्या बहुतेक १०० ते १५० सीसी गाड्यांना तीच असते. पहिला ४ म्हणजे एका कडीची लांबी इंचाचे चार अष्टमांश, म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. मागं चार दाते वाढले की चेनमध्ये दोन कड्या जास्त लागतात. खोक्यातल्या तयार चेनसेटची चेन तुमच्या ४२ च्या हिशेबानं आलेली असते. ती ओढूनताणून बसवली तर चाक जवळजवळ १३ मिलिमीटर पुढं घ्यावं लागतं, आणि अ‍ॅडजस्टर तेवढी जागा देईलच असं नाही. दुसरं म्हणजे ४६ चं स्प्रॉकेट ४२ पेक्षा १६ मिलिमीटर मोठ्या व्यासाचं आहे, प्रत्येक बाजूनं ८. पूर्ण बंद पत्र्याचं चेन कव्हर असेल तर ते घासण्याची भीती असते. मग माणसं कव्हर काढून टाकतात, आणि धोतर, लुगडं, ओढणी अडकायची वाट मोकळी होते. घरातल्या बाईमाणसाला मागं बसवत असाल तर ते कव्हर कधीही काढू नका.

एक जुनी आठवण सांगतो, कारण तिच्यामुळे मी चेनच्या कामात कोणाची घाई ऐकत नाही. वीसेक वर्षं झाली असतील. एका गिऱ्हाइकानं दुसरीकडून मागचं मोठं स्प्रॉकेट बसवून घेतलं होतं. चेन आखूड पडली म्हणून जुन्या चेनचा तुकडा जोडला होता आणि चेन लॉकची क्लिप उलटी बसवली होती. घटांगच्या वळणावर लॉक उडालं. चेन पुढच्या स्प्रॉकेटवर गोळा झाली आणि इंजिनाच्या केसिंगला भोक पाडून गेली. पोरगा वाचला, गाडी टेम्पोत घालून माझ्याकडं आली. ते केसिंग मी हातात घेऊन पाहिलं तेव्हा तळहात आरपार दिसत होता. तेव्हापासून नियम धरला: जुन्या चेनला नवा तुकडा जोडायचा नाही, आणि क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेनं धावते त्याच दिशेला. वरच्या बाजूनं चेन पुढं धावते, म्हणून वर असताना बंद तोंड इंजिनाकडं. मेकॅनिक कितीही ओळखीचा असो, उठण्याआधी हे स्वतः वाकून बघा.

स्प्रॉकेट घ्यायच्या आधी मात्र घरी एक काम करा. गाडी डबल स्टँडवर लावा, न्यूट्रल करा आणि मागचं चाक हातानं जोरात फिरवा. दोनतीन फेरे मोकळे मारून थांबायला हवं. लगेच थांबलं तर गाडी दम का टाकते त्याचं कारण तिथंच आहे. पांदणीचा चिखल ड्रममध्ये जातो, ब्रेक शू चिकटतात, आणि माणूस अर्धा ब्रेक दाबूनच गाडी चालवत असतो. धारणीचा एक दूधवाला १३ दाती मागायला आला होता. त्याच्या मागच्या ड्रममधून ओंजळभर वाळलेली माती निघाली. ब्रेक साफ केला, कॅमला ग्रीस दिलं, आणि त्याला १४ वरच परत पाठवला. तसंच एअर फिल्टर धुळीनं बसलेला असतो, क्लच केबलला मोकळा प्ले नसतो, टायर गुळगुळीत झालेला असतो. टायर जागेवर फिरत असेल तर ओढ वाढवून उपयोग नाही, तो आणखी जोरात जागेवर फिरेल. तुमच्या प्लेटा वर्षात दोनदा गेल्या, तेव्हा केबलचा प्ले आधी बघाच. लिव्हरच्या टोकाला १० ते १५ मिलिमीटर ढिलं हवं.

हे सगळं ठीक असूनही पहिल्या गिअरात अर्धा क्लच लागतो, म्हणजे त्या वजनाला तुमचा पहिला गिअर मोठा पडतो. दोन कॅन, एक माणूस, वर ४५ किलोची बॅग, आणि खाली चाक धरून ठेवणारी माती. गाडी चालीला येते पण इंजिन खाली बसतं, म्हणून तुम्ही क्लच दाबता. क्लच घसरतो, प्लेटा जळतात. १३ दातीनं इंजिन त्याच चालीला सात-आठ टक्के जास्त फिरेल आणि क्लच पूर्ण सोडता येईल. तुमचा खरा फायदा तिथं आहे. पिकअप वगैरे नंतरच्या गोष्टी. आणि एक विनंती, दोन्ही कॅन भरलेले असताना बॅग लादू नका. दुसरी खेप करा. ते वजन चिमट्याला, बेअरिंगला आणि तुमच्या ब्रेकला झेपत नाही, दाते कितीही बदलले तरी.

दुसऱ्यांनाही उपयोग होईल म्हणून बाकीच्या वापराचं सांगतो. आमच्याकडं चिखलदऱ्याचा घाट आहे. चिखलदरा १,११८ मीटरवर, परतवाड्याहून सातशेच्या वर मीटर उंच. हवा विरळ होते तशी इंजिनाची ताकद उतरते, हजार मीटरला साधारण दहा टक्के. म्हणजे परतवाड्याहून वर पोचेपर्यंत सात टक्क्यांच्या आसपास जोर गेला. एका दाताएवढा जोर डोंगरच काढून घेतो. म्हणून वर रोज ये-जा करणाऱ्या १०० आणि ११० सीसीच्या गाड्यांना मी १३ लावून देतो, आणि तो डोंगरानं नेलेला दात त्यांना परत मिळतो. उतरताना आणखी एक फायदा, आकडा मोठा असला की इंजिन गाडी जास्त धरून ठेवतं आणि ब्रेक कमी तापतो. १५० सीसी आणि वरच्या गाडीला या घाटात काही बदलायची गरज मला कधी वाटली नाही. एक गिअर खाली टाका, झालं.

उलट बाजूला अमरावती-अकोला रस्त्यानं रोज एकट्यानं जाणारे मास्तर आणि दुकानाचे प्रतिनिधी. समृद्धीवर दुचाकीला परवानगी नाही, म्हणून त्यांचा हायवे तोच. ते १५ मागतात, आकडा २.८, गाडी शांत चालते. गाडी १२५ सीसीच्या पुढं, माणूस एकटा, सामान नाही, असं असेल तर मी लावून देतो आणि ते खूश असतात. १०० सीसीला लावत नाही. समोरून वारा आला की ती टॉप सोडून देते, माणूस तिसऱ्यात येतो, आणि अ‍ॅव्हरेज होतं त्याच्याहून खाली जातं. मोठा गिअर लावला म्हणजे गाडी जास्त पळेल, ही समजूत छोट्या इंजिनाच्या बाबतीत खोटी ठरते. हवेला कापायची ताकदच नसेल तर गिअर काय करणार? दुसऱ्यात किंवा तिसऱ्यात अडणाऱ्यांना मी स्प्रॉकेट विकतच नाही. एक गिअर खाली टाका म्हणतो. फुकटचं काम आहे, पण गिअर उतरवणं म्हणजे गाडीची कमजोरी असं लोकांना वाटतं.

दुधाच्या धंद्यातल्या मोपेडचं वेगळं आहे. तिला गिअर एकच आणि क्लच आपोआप लागणारा. तिथं खाली टाकायला गिअरच नाही, म्हणून वजन वाहणाऱ्याला एका दाताचा फरक मोटारसायकलपेक्षा जास्त जाणवतो, आणि टॉपची किंमतही तितकीच सरळ मोजावी लागते.

टायरकडं लक्ष द्या. मागं २.७५ च्या जागी ३.०० चा टायर घातलात तर चाकाचा घेर दोन टक्क्यांच्या आसपास वाढतो. तुम्ही दाते कमी करून मिळवलेल्या ओढीतला चौथा हिस्सा टायर परत घेऊन जातो. वजनासाठी मोठा टायर चांगलाच आहे, फक्त हिशेबात धरा.

आता बसवण्याचं. चेन, पुढचं, मागचं, तिन्ही एकदम बदला. मागचे दाते विळ्यासारखे एका बाजूला वळलेले असतील तर नवी चेन त्यावर काही महिन्यांत ताणून जाते. जुनी चेन किती गेली ते बघायचं असेल तर टेप घ्या. चेन ताणून धरा आणि वीस कड्या मोजा, पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत. नवी असताना हे अंतर बरोबर २५४ मिलिमीटर, म्हणजे दहा इंच असतं. २५९ च्या वर गेलं की चेन संपली. पुढचं स्प्रॉकेट बहुतेक छोट्या गाड्यांत एका लॉक प्लेटवर आणि दोन बोल्टवर असतं, गिअर लिव्हरच्या बाजूचं कव्हर काढलं की दिसतं. नवं घेताना जुनं सोबत न्या आणि एकावर एक ठेवून आतली खाच जुळते का ते पाहा. दिसायला सारखं असून खाच वेगळी असलेलं स्प्रॉकेट शाफ्ट खराब करतं, आणि शाफ्ट बदलायचा म्हणजे पूर्ण इंजिन खोलायचं.

१३ मध्ये एक छोटी गोष्ट मला आवडते. चेनमध्ये कड्या नेहमी सम असतात, एक आतली, एक बाहेरची. स्प्रॉकेटचे दातेही सम असले की ठरावीक दातावर ठरावीकच जातीची कडी येत राहते. विषम दात्यांवर ती आलटून पालटून येते आणि झीज सारखी होते.

१३ टाकल्यावर चाक तीनेक मिलिमीटर मागं सरकेल. दोन्ही अ‍ॅडजस्टरच्या खुणा सारख्या ठेवा. चेनचा ढिलेपणा चिमट्यावरच्या स्टिकरप्रमाणे, बहुतेक गाड्यांना २५ ते ३० मिलिमीटर. चाक फिरवत जा आणि चेन जिथं सगळ्यात घट्ट लागते तिथं मोजा. तुम्ही कॅन लादता म्हणून ३० च्या बाजूलाच ठेवा. मग दोन्ही भरलेले कॅन लटकवून, वर बसून, कोणाला तरी खालून बोट लावायला सांगा. लादल्यावर चेन आणखी ताणली जाते. तेव्हाही ती थोडी हलायला हवी, नाहीतर गिअरबॉक्सचं बेअरिंग जातं. पावसाळ्यात दर चारपाच दिवसांनी साध्या पाण्यानं चिखल काढा, वाळू द्या आणि ९० नंबरचं गिअर ऑइल ब्रशनं आतल्या बाजूला लावा. ग्रीस चोपडू नका, ते माती धरतं. मीटरची काळजी करू नका, केबल पुढच्या चाकातून येत असेल तर वेग बरोबरच दाखवेल. गिअरबॉक्समधून सेन्सर असलेल्या गाडीत मात्र १३ दातीनं मीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतं.

आणि ते जास्तीचं १४ दाती तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवा. तूर घरात आली, पांदण वाळून टणक झाली की त्या चेनवर ते चढवा आणि चाक तीन मिलिमीटर पुढं घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. मृगाच्या आधी परत १३. पहिल्या पावसानंतर आठवडाभर गाडी चालवून बघा आणि पांदणीत क्लच पूर्ण सोडता येतो की नाही ते मला कळवा. येत नसेल तर क्लच प्लेटांसोबत क्लचची स्प्रिंगही बदलली होती का, ते विचारून ठेवा.